लोटन बिऱ्हाडे, वार्ताहर, निंबोदे

जळगावच्या एका दैनिकात ग्रामीण पान बघायला लागून मला यंदा वीस वर्षं झाली. आज खेड्यापाड्यांतल्या बातम्या फॅक्सने येतात. आधीची पंधरा वर्षं त्या एसटीने यायच्या. गावचा वार्ताहर फाट्यावर उभा राहून कंडक्टरच्या हातात पाकीट द्यायचा, त्यावर लाल शाईत 'बातमी, तातडीचे' असं लिहिलेलं असायचं, आणि आमचा शिपाई स्टँडवर जाऊन ती पाकिटं गोळा करून आणायचा. कुणाच्या पाकिटाला डिझेलचा वास, कुणाच्या पाकिटावर केळीच्या चिकाचा डाग. चोपड्याकडची गाडी वाटेत बंद पडली, की आमच्या पानापुरतं त्या भागात त्या दिवशी काही घडलेलंच नसायचं.

वार्ताहर म्हणजे तरी कोण, तर आमचे एजंटच. जो पेपर विकणार त्यानेच बातमी पाठवायची, असा शिरस्ता होता. कुणी शिंपी, कुणी किराणावाला, कुणी सायकलवाला. पगाराचं नाव नाही, एक फोटो चिकटवलेलं ओळखपत्र आणि गावात थोडा मान, एवढ्यावर ही माणसं वर्षानुवर्षं पानं भरून देत होती.

अडचण एकच होती. आमचं पान दुपारी चारला लागायचं आणि खेड्यातले कार्यक्रम व्हायचे संध्याकाळी. मग या मंडळींनी एक युक्ती काढली, आणि ती आम्हाला चांगली ठाऊक होती. कार्यक्रम व्हायच्या आधीच तो झाल्याची बातमी ते एकच्या गाडीने पाठवून द्यायचे. अध्यक्ष कोण, पाहुणे कोण, आभार कोण मानणार, सगळं पत्रिकेत असायचंच. शेवटी 'उत्साहात संपन्न' एवढं जोडलं की झालं. धरणगावकडच्या एका गावात कुस्त्यांची दंगल वादळामुळे झालीच नाही, पण आमच्या पानावर तिसऱ्या नंबरचा फेटासुद्धा बांधून झाला होता. एकदा कीर्तनकारबुवांची गाडी चुकली आणि पेपरात श्रोते मंत्रमुग्ध झाले. आम्ही हसायचो, चहा मागवायचो आणि विसरून जायचो. ही सवय त्यांना आमच्याच घाईने लावली होती, हे मात्र कुणी बोलायचं नाही.

लोटनभाऊ बिऱ्हाडे यांच्यातलेच एक. ८४ साली आम्ही वार्ताहरांचं शिबिर घेतलं, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. चाळिशीचा उंच, किडकिडीत माणूस, नखांत वंगण, खिशाला दोन पेन. मी फळ्यावर लिहून दिलं होतं, बातमीला सहा प्रश्न विचारायचे: काय, कोण, कुठे, केव्हा, का, कसे. इतर मंडळी जेवणाची वेळ कधी होते ते बघत होती. हे सहा शब्द फक्त लोटनभाऊंनी उतरवून घेतले. पुढे एकदा निंबोद्याच्या फाट्यावर उतरलो तर त्यांच्या सायकल दुकानाच्या पत्र्याच्या दारावर पांढऱ्या रंगात तेच सहा शब्द, एकाखाली एक. मला उगाच मोठं वाटलं.

निंबोदे म्हणजे तापीपलीकडचं, कापूस आणि केळीचं गाव. तालुक्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या खुर्च्यांवर आता दुसरी माणसं आहेत. गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडे, बौद्ध वस्ती. साठ-सत्तर घरं, बहुतेक सगळी मजुरीला जाणारी. लोटनभाऊंचं घर तिथेच. घरी बायको प्रमिलाबाई आणि एक मुलगी. लोटनभाऊ बातमी लिहायचे आणि आधी प्रमिलाबाईंना वाचून दाखवायचे. त्या भाकरी थापता थापता ऐकायच्या आणि म्हणायच्या, "इतलं लांब कोन वाची?" मग ते दोन ओळी काढायचे. हे त्यांनी मला कौतुकाने सांगितलं होतं. आमच्या पानावर निंबोद्याच्या बातम्या सगळ्यांत आटोपशीर असायच्या, त्या या बाईमुळे.

वस्तीचं दुखणं पाण्याचं होतं. गावात वर विहीर होती. तिथे वस्तीतल्या बायकांना पाणी मिळायचं, पण सगळ्यांचं भरून झाल्यावर, आणि कुणीतरी वरून ओतलं तर. त्यापेक्षा नदीतला झिरा बरा, असं प्रमिलाबाई म्हणायच्या. उन्हाळ्यात कोरड्या पात्रातली रेती उपसून खड्डा करायचा, तळाशी पाणी पाझरेल तसं वाटीने हंड्यात भरायचं, हा झिरा. मार्चात तो गुडघाभर खोल असतो. मे महिन्यात बाई आत उतरली की वरून दिसत नाही.

वस्तीत हापशी मिळावी म्हणून अर्ज प्रमिलाबाईंनीच फिरवला. घरोघर जाऊन अंगठे घेतले, तीन वेळा पंचायत समितीत जाऊन बसल्या. ८७ साली हापशी मंजूर झाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोअरची गाडी आली, एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं, आणि ठरलं की १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, संध्याकाळी पाच वाजता सभापतींच्या हस्ते हापशीचं उद्घाटन करायचं. पहिला हंडा कुणी भरायचा यावर वस्तीत चर्चासुद्धा झाली नाही. तो प्रमिलाबाईंचाच होता.

त्या वर्षी मी सगळ्या वार्ताहरांना छापील पोस्टकार्डं पाठवली होती. 'जयंतीच्या बातम्या १४ तारखेस दुपारी तीनच्या आत पोहोचल्या पाहिजेत. उशिरा आलेली बातमी छापली जाणार नाही.' खाली माझी सही. लोटनभाऊंनाही ते कार्ड गेलं.

१४ तारखेच्या सकाळी हापशीचं धूड आणि पाइप ट्रॅक्टरवरून वस्तीत येऊन पडले. ते डोळ्यांनी बघूनच लोटनभाऊ दुकानात बातमी लिहायला बसले. काय, कोण, कुठे, का, कसे, सगळ्यांची उत्तरं हाताशी होती. 'केव्हा'चं उत्तर चार तासांनी पुढे होतं, पण गाडी एकचीच. त्यांनी लिहिलं: सौ. प्रमिलाबाई बिऱ्हाडे यांनी पहिला हंडा भरला, सभापतींनी पाणी चाखून समाधान व्यक्त केले, महिलांच्या चेहऱ्यावर आनंद ओसंडून वाहत होता. गुलाब कंडक्टरच्या हाती पाकीट दिलं. आमच्याकडे ते अडीचला पोहोचलं. मला बातमी आवडली. मी चौकट केली आणि वर मथळा दिला, 'निंबोद्यात गंगा आली दारी'.

संध्याकाळी सभापती आलेच नाहीत. आठपर्यंत वाट बघून लोक जयंतीच्या मिरवणुकीला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी एक ट्रॅक्टर आला, 'साहेब नसताना बसवायची नाही, तपासणी व्हायची आहे' असं सांगून हापशी आणि पाइप उचलून घेऊन गेला. ती पुढे कुणाच्या बागेत बसली याबद्दल दोन-तीन गोष्टी मी ऐकल्या. सिद्ध एकही झाली नाही, म्हणून इथे एकही लिहीत नाही. वस्तीत राहिलं ते एक भोक, वर झाकायला दगड. पोरं दगड सरकवून आत खडा टाकायची आणि खालून पाण्याचा आवाज ऐकायची.

पण १५ तारखेची सकाळ लोटनभाऊंची कशी गेली असेल, हे मी नंतर पुष्कळदा मनात आणून पाहिलं आहे. पहिल्या गाडीने पेपरचा गठ्ठा फाट्यावर पडला. एजंट तेच. गठ्ठा त्यांनीच सोडला, पान उघडलं, बायकोचं नाव पहिल्यांदा छापून आलेलं पाहिलं, आणि ते चाळीस अंक सायकलला लावून स्वतःच घरोघर वाटून आले.

१६ तारखेला ते जळगावला आले. शर्ट इस्त्रीचा, हातात एक घडी केलेला कागद.

"भाऊ, बातमी खोटी शे," ते म्हणाले. एरवी आमच्या कचेरीत ते जपून, पुस्तकी मराठी बोलायचे. "हापशी बसनीच नही. बठ्ठ्या बाया माले इचारतस, लोटन, तुन्ही पेपरमधली हापशी कोठे शे? हाऊ खुलासा लिखेल शे. एवढा छापी द्या."

खुलासा तीन ओळींचा होता. मी तो संपादकांकडे नेला. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. नानांनी चष्मा वर केला.

"आपला वार्ताहर खोटं लिहितो असं आपणच छापायचं? अरे, पाणी लागलंय ना? मग चार दिवसांत बसेल हापशी. बसली की बातमी आपोआप खरी होईल."

मी बाहेर येऊन लोटनभाऊंना हेच सांगितलं, जरा गोड करून. त्यांनी कागद परत घेतला नाही. "राहू द्या तुमच्याजवळ," म्हणाले आणि गाडी पकडायला गेले.

बातमी काही आपोआप खरी झाली नाही. पाऊस आला, गेला. वस्तीने पुन्हा अर्ज केला. ८८ च्या फेब्रुवारीत लोटनभाऊ आणि प्रमिलाबाई पंचायत समितीत गेले, तेव्हा तिथल्या कारकुनाने फाईल काढून त्यांच्यासमोर उघडली. आत आमच्या पेपरचं कात्रण डिंकाने चिकटवलेलं, 'पाणी चाखून समाधान' याखाली लाल रेघ.

"लोटन बिऱ्हाडे म्हणजे तुम्हीच ना?" कारकून म्हणाला. "आणि पहिला हंडा भरला त्या या बाई. आता एका वस्तीत दोन हापशा कशा द्यायच्या?"

बाहेर आल्यावर प्रमिलाबाई नवऱ्याला टाकून बोलल्या नाहीत. घरी जाऊन हंडा घेतला आणि झिऱ्यावर गेल्या. लोटनभाऊ मला म्हणाले होते, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी ठरवलं की आता अशी बातमी लिहायची, की जिला कुणी हात लावू शकणार नाही. मी आजवर शेकडो वार्ताहर पाहिले, शहरातले, शिकलेले, गळ्यात कॅमेरा अडकवलेले. एका बातमीसाठी इतकी तयारी केलेला माणूस मला दुसरा भेटला नाही. शंभर पानी वही घेतली, सहा प्रश्नांना सहा भाग पाडले. 'कोण' मध्ये वस्तीतल्या प्रत्येक घरात पाणी कोण आणतं, तिचं नाव, वय, रोजच्या खेपा. 'कुठे' साठी त्यांनी सायकलच्या चाकाच्या एका तारेला लाल चिंधी बांधली आणि वस्तीच्या शेवटच्या घरापासून झिऱ्यापर्यंत सायकल हाताने ढकलत नेली. चिंधी सहाशे बारा वेळा वर आली. चाकाचा घेर दोरीने मोजलेला होताच. सव्वा किलोमीटरहून जास्त, असं त्यांनी गुणाकारासकट लिहिलं. 'कसे' साठी एक दिवस दुकान बंद ठेवून पहाटेपासून झिऱ्यावर बसले, घड्याळ लावून. एक हंडा भरायला एप्रिलात चौतीस मिनिटं लागत होती. आणि 'केव्हा' या भागात प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि वेळ, आणि त्याखाली एकच शब्द, 'पाहिले'.

बातमी त्यांनी पाच वेळा लिहिली. प्रमिलाबाईंनी प्रत्येक वेळी ऐकली. या वेळी लांब झालं असं त्या म्हणाल्या नाहीत.

एप्रिलच्या अखेरीला ती माझ्या टेबलावर आली. मोजून तीन पानं, एकही विशेषण नाही. शेवटी लिहिलं होतं: 'झिरा आता पुरुषभर खोल आहे. रेती कोरडी असल्याने कडा ढासळतात. येथे कधीही अनर्थ होऊ शकतो.' आणि त्याच्याही खाली, वेगळ्या ओळीवर, ते वाक्य. गेल्या वर्षी खुलासा म्हणून आणलेलंच, पण आणखी नेटकं केलेलं: 'या वस्तीत हापशी बसून पाणी सुरू झाल्याची १५ एप्रिल १९८७ च्या अंकातील बातमी खोटी होती, ती मी कार्यक्रम होण्याआधीच लिहिली होती आणि पाणी आलेच नाही. लोटन बिऱ्हाडे, वार्ताहर, निंबोदे.'

ते वाक्य ठेवलं तर नाना भडकणार. वाक्य काढून बातमी छापली तर वाचकच विचारणार, गेल्या वर्षी गंगा आली होती ती कुठे गेली? मी बातमीच्या कोपऱ्यात 'खातरजमा करावी' असा शेरा मारला आणि ती खणात ठेवली. खातरजमा कुणी करायची होती? मीच. निंबोदे आमच्या कचेरीपासून दीड तासावर होतं. मी गेलो नाही. लग्नसराई होती, पान भरलेलं असायचं, उद्या जाऊ म्हणत तीन आठवडे गेले.

मेच्या एकोणीस तारखेला दुपारी गुलाब कंडक्टर स्वतः जिना चढून वर आला. तो कधी वर यायचा नाही. त्याने पाकीट माझ्या हातात दिलं, "लोटनभाऊनी धाडं," एवढंच म्हणाला आणि टोपी काढून तिथेच उभा राहिला.

पाकिटावर नेहमीसारखं लाल शाईत 'बातमी, तातडीचे'. आत एक पान. त्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी झिऱ्याची कड कोसळून सौ. प्रमिलाबाई लोटन बिऱ्हाडे, वय ३६, रेतीखाली गाडल्या गेल्या. रेती उपसायला वीस मिनिटे लागली. कुणी उपसली त्यांची नावं. पंचनामा केव्हा झाला त्याची वेळ. 'त्यांच्या पश्चात पती व एक मुलगी आहे.' अक्षर सरळ होतं, एका ठिकाणीसुद्धा खोडलेलं नव्हतं. आणि खाली तेच वाक्य.

बायको घरात निजवलेली असताना हा माणूस वही घेऊन बसला होता. लोकांना ते विचित्र वाटलं असेल. मला तेव्हाच कळलं की त्याने हे कशासाठी केलं. हे वाक्य या वेळी तरी कुणी अडवणार नाही, असं त्याला वाटलं होतं.

आतापर्यंत मी नानांकडे बोट दाखवत आलो, वाचणाऱ्यालाही वाटत असेल की पुढचं तेच करणार. नाना त्या दिवशी भुसावळला लग्नाला गेले होते. कचेरीत माझ्यावर कुणी नव्हतं. ते वाक्य मी काढलं. का काढलं, तर ते छापलं की दुसऱ्या दिवशी प्रश्न आला असता, आधीच का लिहिली? आणि मग माझं पोस्टकार्ड कुणीतरी पुढे केलं असतं. एवढीच भीती होती, याहून मोठं कारण मला आजही सापडत नाही. त्याच्या जागी मी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'वस्तीत पाणीटंचाई असल्याचे समजते.' समजते! वहीत सहाशे बारा फेरे मोजलेले असताना. बातमी पहिल्या पानावर गेली.

त्यानंतर सरकार फार चपळ झालं. चार दिवसांत वस्तीत हापशी बसली. पाचव्या दिवशी चौकशीला मोठे साहेब आले, तेव्हा हापशी चालू होती, पाणी नितळ होतं. वस्तीने ओरडून सांगितलं की ही कालची आहे. साहेबांनी फाईल उघडून कात्रण दाखवलं. एका बाजूला वर्षापूर्वी छापलेलं 'पाणी चाखून समाधान', दुसऱ्या बाजूला आमचं 'समजते'. साहेबांनी वर्षापूर्वीचं धरलं. अहवालात त्यांनी लिहिलं, 'पाण्याची सोय उपलब्ध असताना सदर महिला स्वतःच्या मर्जीने नदीपात्रात गेली.'

त्या अहवालाची नक्कल घेऊन लोटनभाऊ जूनमध्ये कचेरीत आले. दाढी वाढलेली. त्यांनी नक्कल माझ्या टेबलावर ठेवली, तिच्यावर ओळखपत्र ठेवलं. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"तुम्ही सांगं तव्हय मी आधी लिखं," ते म्हणाले. "तुम्ही सांगं तव्हय मी गप बसनू. मन्ही बायको मरनी ते बी मी टाइमवर धाडं. बठ्ठी बातमी तुम्हनी व्हती, भाऊ. तेवढं एक वाक्य मन्हं व्हतं."

त्यांनी आवाज चढवला नाही. मी तेव्हाही ते छापू शकलो असतो. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पुढच्या दहा वर्षांत कोणत्याही दिवशी. ते पान माझ्या खणात होतं. बदली झाली तेव्हा ते नव्या खणात नेलं. फेकलं नाही, यात माझा काही मोठेपणा नाही.

लोटनभाऊंनी एजन्सी सोडली. दुकान तेवढं ठेवलं. चोपड्याला जाताना एसटीच्या खिडकीतून ते दिसायचे, चाक उलटं करून बसलेले. दारावरचे सहा शब्द काळ्या रंगाने पुसून टाकले होते. दोन-तीनदा वाटलं, उतरावं. फाट्यावर गाडी मिनिटभरच थांबायची, हे मला तेव्हा पुरेसं कारण वाटायचं. मुलीचं लग्न होऊन ती सुरतेला गेल्याचं दुसऱ्याकडून कळलं.

गेल्या वर्षी, ९८ च्या डिसेंबरात, सकाळी अकराच्या सुमारास तालुक्याच्या नव्या वार्ताहराचा फॅक्स आला. निधनवार्ता, चार ओळी. 'निंबोदे येथील सायकल व्यावसायिक लोटन बिऱ्हाडे यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पार्थिवावर सायंकाळी शोकाकुल वातावरणात अंत्यसंस्कार करण्यात आले.'

मी दोनदा वाचलं. सकाळचे अकरा वाजले होते. फोन लावला.

"अंत्यसंस्कार झाले?"

"नाही साहेब, पाच वाजता आहेत," तो म्हणाला. "मुलगी सुरतेहून यायची आहे. पण तुम्हाला बातमी लवकर लागते ना, म्हणून करण्यात आले असं लिहून टाकलं."

त्याचा काय दोष? त्याला हे कुणी शिकवलं, त्याची सही मला ठाऊक होती. मी फॅक्स घडी करून खिशात घातला, खणातलं ते पान काढलं आणि दुपारच्या गाडीने निंबोद्याला गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा फाट्यावर उतरलो.

मुलगी यायला साडेपाच झाले. त्रिशरण-पंचशील झालं. नदीकाठी सगळं आटोपलं तेव्हा सहा वाजून गेले होते. मी शेवटपर्यंत उभा राहिलो. परत येताना वस्तीतल्या हापशीच्या ओट्यावर जरा टेकलो. बाया पाणी भरत होत्या. बाजूला बसलेल्या एका म्हातारीने माझ्याकडे निरखून पाहिलं. नंतर कळलं, ती भिकुबाई. झिऱ्यातून प्रमिलाबाईंना काढणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव तिचं होतं.

"तू पेपरवाला शे ना?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मंग लिख आते. आते बठ्ठं व्हयी गयं."

सगळं खरंच होऊन गेलं होतं. मी तिथेच ओट्यावर बसून लिहिलं. नवा संपादक उशिरा आलेल्या बातमीवर कुरकुरला, पण निधनवार्ता कोण तपासतो? ती एक दिवस शिळी होऊन, आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात छापून आली. अंत्यसंस्कार सायंकाळी सहा वाजता झाले, पाहिले, असं मी लिहिलं होतं. त्यानंतर लोटनभाऊंचं वाक्य, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावासकट. आणि त्याच्याखाली एक ओळ माझी, माझ्या सहीची: ती बातमी आधी लिहायला मी सांगितले होते, आणि प्रमिलाबाई बिऱ्हाडे स्वतःच्या मर्जीने नदीत गेल्या नव्हत्या.